मीठ मागे राहतं

माझ्यासारख्याने लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आज वसतिगृहाच्या खिडकीत गुळण्यांचा पेला वाळलेला दिसला. पाणी उडून गेलं होतं आणि तळाशी मिठाची पांढरी कड उरली होती. ती पाहून मी पुन्हा घरी फोन लावला; लागला नाही.

गावी माझी काचेची टाकी आहे. निमखाऱ्या पाण्यात कांदळाचं एक रोप आणि दोन निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. उन्हाने पाणी आटतं, मीठ मात्र तेवढंच राहतं. म्हणून वरून गोडं पाणीच घालायचं असतं. परवा फोनवर कळलं, आई रोज खाडीचं पाणी ओतत होती.

"अगं, मरतील त्या! गोडं घाल."

"खाडीच्या माशाला विहिरीचं पाणी? मोठा शहाणा झालास!" ती हसली आणि फोन कटला. तेव्हापासून गावात रेंज नाही.

मी गेल्यावर आईची मायाही अशीच दाटत गेली असेल. माझ्या डब्यातली सुकट दर खेपेला वाढतेच आहे.

संध्याकाळी रेंज आली असावी, धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, कांदळाला नवं पान फुटलंय."

"आणि निवट्या?"

"आईने शेवटी पिण्याच्या हंड्यातलं पाणी ओतलं रे. एक हलली. दुसरी नाही. आई म्हणाली, त्याला आधी पानाचं सांग."