सहा बोल्ट घेऊन उकव्याला

उकव्याच्या मँगनीज खाणीवरून आलेलं पोस्टकार्ड मालकांनी माझ्यासमोर ठेवलं. हिंदीत दोनच ओळी होत्या: ‘आपके बोल्ट खड़ी गाड़ी में टूटते हैं। किसी को भेजिए।’ मी ते तीनदा वाचलं आणि म्हटलं, “मी जाते.”

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी चोवीस वर्षांची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात आठ महिन्यांपूर्वी लागलेली. आम्ही ट्रकचे यू-बोल्ट बनवायचो. ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानी ॲक्सलला घट्ट आवळून धरतो, तो हा बोल्ट. भट्टीतून कडक होऊन निघताना त्यावर काळी खपली चढते. ती काढायला आम्ही बोल्ट गरम गंधकाच्या तेजाबात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, बुडवायचो. कारखान्यात या कामाला पिकलिंग म्हणत. मालकांना नव्या टाक्या घ्यायच्या होत्या आणि कुठली पद्धत ठेवायची, हे मी सांगायचं होतं. गरम गंधकाचं तेजाब, थंड मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक ॲसिड), की तेजाब सोडून नुसता वाळूचा मारा? तिन्ही पद्धतींनी साफ केलेले दोन-दोन बोल्ट मी पिशवीत घातले आणि कानशीने खुणा केल्या: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा.

सोबत सुखदेवजी होते. वीस वर्षं आमची तेजाबाची टाकी सांभाळणारे, मूळचे कटंगीकडचे. बालाघाटला त्यांची बहीण राहायची, त्यामुळे मुक्कामाचाही प्रश्न मिटला. आईने तोंड वाकडं केलं, पण सुखदेवजी बरोबर आहेत म्हटल्यावर दशम्या बांधून दिल्या.

नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरने गोंदिया, आणि गोंदियाला छोट्या रुळांची गाडी! मी ती पहिल्यांदाच पाहत होते. डबा इतका अरुंद की समोरच्या बाकावरच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघे लागायचे. गाडी कुठल्याही झाडाखाली थांबायची, लोक टोपल्या घेऊन चढायचे, मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवायचे. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेतं आणि जागोजागी रचलेली पुंजणी. मी खिडकीबाहेर डोकं काढून बसले ते डोळ्यात कोळशाचा कण जाईपर्यंत. (आता तिथे मोठी लाइन झाली आहे. प्रवास झटपट होतो, पण तो गुडघ्याला गुडघा गेला.)

बालाघाटला कौशल्याबाईंनी दारातच भावाला झापलं. “काहून एवढा उशीर केला? भात गार होऊन राह्यला ना!” जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि भेदराची, म्हणजे टोमॅटोची, झणझणीत चटणी. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, “बाई दिसते लहान, पण जेवते बराबर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उकव्यावरून जाणारी बैहरची बस पकडली. जाणार असाल तर थंडीतच जा आणि डावी-उजवी न पाहता खिडकी पकडा. गांगुलपाऱ्याचा तलाव मागे पडला की घाट सुरू होतो. साग, बांबू, मग आणखी बांबू, आणि वळणं अशी की बसचं तोंड दरीवर लटकल्यासारखं वाटतं. समोरून मँगनीज भरलेले ट्रक येत होते. मी प्रत्येक ट्रकच्या चाकांकडे बघत होते. त्यातल्या किती गाड्यांखाली आमचे बोल्ट होते?

उकव्यात उतरलो तेव्हा चपला, साडीचा काठ, जीभ, सगळ्यावर काळी भुकटी बसली. पोस्टकार्ड लिहिणारे गोवर्धन मिस्त्री एका मोहाच्या झाडाखाली ठेकेदाराचे ट्रक दुरुस्त करायचे. पन्नाशीचे, शांत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुखदेवजींकडे.

“साहेब नाही आले?”

“हेच आमचे साहेब,” सुखदेवजी म्हणाले.

मिस्त्रींनी तेलाचा जुना डबा माझ्यापुढे ओतला. नऊ तुटके बोल्ट. एकही वाकलेला नाही, ताणलेला नाही. काच तडकावी तसे सरळ तुटलेले, आणि तुटल्या जागी साखरेसारखे चकाकणारे कण.

“मले सांगा बाई, ओझ्यानं तुटला तं समजते. उभ्या गाडीत कसा तुटते?”

मला अंदाज होता. तेजाब खपली खातं तेव्हा हायड्रोजन निघतो. त्यातला थोडा पोलादातच शिरून बसतो. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही नसतं, पण कडक पोलाद ठिसूळ होतं आणि आवळून ठेवलं की काही तासांनी तडकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी एका जुन्या ॲक्सलवर माझे सहाही बोल्ट सारखेच आवळले आणि वर बारदान टाकलं. वाळूने साफ केलेल्यांचे नट मात्र जोर लावूनच फिरले, आट्यांच्या खाचांत खपली तशीच राहिली होती. मी वहीत लिहून घेतलं.

दुपारी आम्ही चहा पीत होतो. पाठीमागे ‘टण्ण!’ असा आवाज झाला आणि बारदान उडालं. कोणी हात लावला नव्हता! मी कपासकट धावले. एका रेघेचा, गरम गंधकाच्या तेजाबातला बोल्ट दोन तुकडे होऊन पडला होता. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. लगेच लाजही वाटली, कारण समोर नऊ बोल्टांचा ढीग होता.

बालाघाटला परतून दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्या बसने आलो. एका रेघेचा दुसराही गेला होता. आणि दोन रेघांचा, मिठाच्या तेजाबातला एक! माझा चेहरा पडला. मी मनात मिठाचं तेजाब पक्कं करून टाकलं होतं.

तेवढ्यात मिस्त्री एका ट्रकखालून म्हणाले, “पण तुमचेच जुने बोल्ट पाहा. तीन वर्षं झाली, काही नाही झालं.” तोच कारखाना, तेच गंधकाचं तेजाब. फक्त रंग काळपट, निळसर.

सुखदेवजींनी वाकून त्यातल्या एका बोल्टवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, “बाई, हे भट्टीवर वाळवलेले आहेत. तेव्हा टाकीतून काढले का आम्ही दिवसभर भट्टीच्या माथ्यावर ठेवत होतो. आता भुशात वाळवतो.”

भुशात. लाकडाच्या भुशात. मी कामाला लागल्यावर पहिली सुधारणा केली होती ती हीच! भट्टीवर बोल्ट काळे पडतात, भुशात चमकतात, म्हणून. दिवसभराच्या त्या उष्णतेने आत शिरलेला हायड्रोजन निघून जात होता. वीस वर्षं जात होता. मी तो आठ महिन्यांपूर्वी बंद केला होता.

“सुखदेवजी, हे माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं.

“मले तवाच बोलायले पाह्यजे होतं,” ते म्हणाले. “मले वाटलं, शिकलेली पोरगी आहे, तिले जास्त माहीत असन.”

रडायला वेळ नव्हता. भरलेला एक ट्रक सुरू होऊन घाटाकडे निघाला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बहनजी, हटिए! शाम तक माल उतारना है!” ड्रायव्हर ओरडला.

“आधी बोल्ट बघू द्या,” मी मराठीतच ओरडले. मिस्त्री पाना घेऊन खाली शिरले. पान्याला जोर दिला मात्र, एक बोल्ट तुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो ड्रायव्हरला दाखवला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून जॅक आणायला गेला.

चमकत नाहीत म्हणून बाजूला टाकलेले आमचे जुने बोल्ट मिस्त्रींच्या पेटीत होते. चार ट्रकांना पुरले. सुखदेवजी आणि मिस्त्री गाडीखाली, मी पाने आणि नट पुरवायला. काळ्या भुकटीत आम्ही तिघं सारखेच दिसत होतो. बाकीच्या ट्रकांसाठी ठेकेदार संतापला, पण मिस्त्रींनी त्याला तुटका बोल्ट दाखवला आणि म्हणाले, “नवीन येतपर्यंत गाडी हालणार नाही.” हालली नाही.

चौथ्या दिवशी नागपूरला पोचलो. मालकांसमोर, सगळ्या कामगारांदेखत, भुशाची कल्पना माझी होती हे मी सांगितलं. मग निवड सांगितली: थंड मिठाचं तेजाब, कारण त्यात खपली लवकर सुटते आणि टाकी तापवावी लागत नाही, पोलाद कमी खाल्लं जावं म्हणून त्यात थोडं रोधक, बोल्ट मोजकाच वेळ आत, आणि बाहेर आल्याबरोबर दिवसभर भट्टीवर. प्रत्येक खेपेतले काही बोल्ट आवळून ठेवायचे आणि दोन दिवस वाट पाहायची. मालकांनी विचारलं, “काळे बोल्ट गिऱ्हाईक घेईल?”

“उकव्याचं घेईल,” मी म्हटलं.

घेतले. त्याच आठवड्यात पेट्या रवाना झाल्या आणि उभे ट्रक घाट उतरले.

त्या प्रवासातलं काय उरलं, असं कोणी विचारलं तर घाटाची वळणं आणि भेदराची चटणी आधी आठवते. पण खरं उरलं ते पुढच्या सोमवारी झालं. मी स्टूल घेऊन टाकीपाशी बसले आणि म्हटलं, “सुखदेवजी, इथे जे जे करता ते का करता, मला पहिल्यापासून सांगा.” त्यांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी हात पुसले, समोर बसले आणि बोलायला लागले. जेवणाचा भोंगा झाला तेव्हा माझ्या वहीची अकरा पानं भरली होती आणि ते अजून भट्टीपर्यंतही पोचले नव्हते.