घटातली कोळीण

कोळी म्हटलं की लोकांना जाळं आठवतं. माझी कोळीण जाळंबिळं विणत नव्हती. वळसंगच्या आमच्या बांधावर, जमिनीत बीळ करून राहायची आणि तोंडाला मातीचं झाकण लावायची, उघडझाप होणारं. रविवार आला की मी तिथं उकिडवी बसलेली. शाळेच्या बाईंचं काहीतरी हरवलंय, असं गाव म्हणायचं.

गेल्या घटस्थापनेला शाळेतून घरी आले, तर सासूबाईंनी घट बसवला होता. माती कुठली? त्याच बांधाची! घटाला नांगर न लागलेली माती हवी, म्हणून. ढेकळं फोडून परडीत पसरलेली, वर गहू पेरलेले. मडकं डुलत होतं म्हणून एका अख्ख्या ढेकळाचा टेकू दिला होता, आणि त्या ढेकळावर शर्टाच्या बटणाएवढं झाकण. मी बोट लावलं, तर ते आतून गच्च ओढलं गेलं.

माझं डोकंच फिरलं. "आई, हे ढेकूळ मी आत्ताच्या आत्ता काढणार."

"हात तर लावून बघ! बसलेला घट दसऱ्यापातूर हलत न्हाय."

"रोज पाणी घालाल, बुडून मरेल आतली कोळीण. आत अंडी आहेत हो तिची!"

त्यांनी वाकून झाकण निरखलं. मग म्हणाल्या, "पानी कुटं घालायचं ते माजं मी बघीन की."

रोज ओंजळीनं, फक्त पलीकडच्या बाजूला पाणी. गहू एकाच अंगाला तरारले. आरतीला आलेल्या बायका खुदखुदल्या, "अवो, देवीनं भांग तिरपा पाडलाय व्हय?" सासूबाई कडाडल्या, "तुमी कुकू लावा नि गप बसा." त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

दसऱ्याला घट उठला. ढेकूळ पदरात धरून सासूबाई स्वतः बांधावर आल्या. खड्डा करून आम्ही ते बसवलं. पण झाकण काही उघडेना. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मला रडूच आलं.

"येडी हायेस. बाळंतीन दार लावूनच बसती," त्या म्हणाल्या. धीर द्यायला म्हणाल्या असतील, असं मला वाटलं.

यंदा पावसानं माती मऊ झाली आणि त्या मोठ्या झाकणाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढी झाकणं दिसली. एक, आणखी एक, पलीकडे आणखी. मी आनंदानं ओरडलेच.

परवा घटाच्या मातीसाठी सासूबाई खुरपं घेऊन निघाल्या, त्या थेट शेजाऱ्यांच्या बांधाकडे. मी विचारलं, "आपल्या बांधाची नको का?"

"अगं, लेकुरवाळीच्या अंगणात खणत्यात व्हय?"