दगडांविना छप्पर

आमच्या घरावर छप्पर टिकलंय ते काचीगुड्यातल्या पत्र्याच्या दुकानातल्या चाचांमुळे. नव्या रबराचा वास आला की ते आठवतात. वादळात कोकणातल्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा नववीत शाळा सोडून इथे शहरात कामाला आलेला मी भीतभीत त्यांना म्हणालो, "गावी पातळच पत्रा घेतो. वर दगड ठेवू, सगळे ठेवतात." चाचा भडकले, "नीचे अम्मी सोती, ऊपर पत्थर? नक्को मियाँ!" मी गिऱ्हाईक नसतानाही त्यांनी जाड पत्रा हाताने ओळखायला शिकवलं, रबरी वायसर घालून स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच आवळायला लावला. गावी जाऊन मी तसाच जाड पत्रा बसवला, वर एकही दगड न ठेवता. पुढच्या वादळात इथे माझा जीव टांगणीला लागला होता. आईचा फोन आला, "पत्रा वाजला रे खूप, पण हलला नाही." एकदा चाचांना त्याच पत्र्याखाली बसवून आईच्या हातचे गरम घावणे वाढणार आहे.