पेरणाऱ्याचं चित्र

येशूच्या एका दाखल्यापायी आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी जेवढे एसटीचे धक्के खाल्ले, तेवढे अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी खाल्ले असतील तर मी माझी कवळी काढून देईन. अकोल्याच्या जठारपेठेजवळच्या शाळेत सर आणि मी एकत्र शिकवायचो. सर कुठेही निघाले की झोळीत जलरंगांची डबी आणि गळ्यात दोरीने बांधलेली बाटली. तिच्यातलं पाणी फक्त ब्रशसाठी; तहान लागली की दुसऱ्याकडे मागायचे. एकदा बसमध्ये ओला कागद वाळवताना शेजारच्या मावशींच्या पांढऱ्या पातळावर हिरवं शेत उगवलं. मावशी कडाडल्या, तर सर म्हणतात, "धुतलं की जाते ते. पन छटा पाहा ना, काय उतरली!"

निवृत्तीआधी परतवाड्याच्या आपल्या चर्चला पेरणाऱ्याचं चित्र द्यायचं, हा त्यांचा पण. दाखला साधा: पेरणाऱ्याचं काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या मातीत. पहिलं चित्र त्यांनी शिक्षकखोलीत आणलं, आणि तिथे दुर्दैवाने मी होते. नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याची पोर, वय सव्वीस, अक्कल आजोबांएवढी, असं निदान माझं तरी मत. "सर, हा मुठीनं बी फेकून काहून राहिला? आपल्याकडे बैलांमागं तिफण असते. बाई वरच्या चाड्यात बी सोडते, ते नळीतून थेट मातीतल्या तासात जाते."

सरांनी चित्र गुंडाळलं आणि वर्षभर खपून तिफण काढली. अशी, की माझ्या बापाने उचलून शेतात नेली असती. पाद्रीसाहेबांनी ती पाहिली आणि हळूच विचारलं, "पण सर, मग बी वाटेवर पडलं कसं?"

दाखलाच गेला! दुसऱ्याने माझा गळा धरला असता. सर म्हणाले, "बाई, हातानं पेरनारं कोनी ना कोनी असनच. पाहून येतो."

चार पावसाळे ते जीपला लटकत मेळघाट हिंडले. शेवटी एका उतारावर कुटकीचं बारीक धान्य मुठीनं फेकून पेरणारी म्हातारी कोरकू बाई सापडली. सरांनी तीच काढली: पदर खोचलेला, मूठ नुकती उघडलेली, दाणे हवेत.

"दाखल्यात पेरणारा पुरुष आहे," चर्चची मंडळी अडून बसली. सर निवृत्त झाले, तरी दर रविवारी ते चित्र मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसायचे. "मी पाह्यलं ते काढलं. आता बदलत नाई." पाचव्या महिन्यात बाकावर शेजारी बसणारी मेळघाटातली एक आजीच वैतागली. "टांगा ना बाप्पा एकडावचं! आमच्याकडं कुटकी बायाच पेरतेत."

टांगलं.

सरांना आता दिसत नाही. मागच्या वर्षी मी त्यांना हाताला धरून चर्चमध्ये नेलं. समोरच्या खिडकीच्या उन्हाने रंग उडत चालला होता. बाई होती, हात होता. दाणे पार विरले होते.

"बाई, दाने दिसून राहिले?"

त्यांच्या चित्रात खोट काढायला माझी जीभ कधी अडखळली नव्हती.

"दिसून राहिले, सर."

"वाटेवरचे?"

"ते पण."

सर समाधानाने बाकावर टेकले. मी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.