नत्थुभाऊची डबी

दोन कोस झाले, तरी नत्थुभाऊच्या डोक्यावरचा लाउडस्पीकरचा भोंगा काही खाली उतरला नाही. ऊन लागू नये म्हणून त्यानं तो टोपीसारखा उपडा घातला होता. त्यामुळं तो बोलला की आवाज आतल्या आतच घुमायचा. माझ्या डोक्यावर मोगऱ्याची टोपली, हातात त्याची पत्र्याची डबी.

"मैना, डबी आडवी नको करू."

"काहून? आत ताक हाये का?"

"ताकापरीस नाजूक हाये."

नत्थुभाऊ माझा चुलतभाऊ. लढाईत जबलपूरला सिग्नलच्या पलटणीत होता. आला तो तारा जोडायचं वेड घेऊन. पोट मात्र वांग्या-टमाट्यावरच. माल तोलून झाला की गिऱ्हाइकाच्या पदरात वर एक वांगं टाकल्याशिवाय त्याचा हात थांबत नसे. आमच्या घराण्याची रीतच ती.

गेल्या रामनवमीला अकोल्यात, जुन्या शहरातल्या मंदिरात, कीर्तनाचा आवाज मोठा करणाऱ्या मशीनची तार त्यानं बायकांच्या अंगणातल्या आपल्या मशीनला जोडली. त्याच्या मशीनला सवय माइकच्या बारीक आवाजाची. त्यात तो दांडगा आवाज शिरला, आणि ऐन जन्माच्या वेळी भोंगा असा डरकला की पाळण्याची दोरी धरलेल्या मनकर्णाबाईनं दोरी सोडून खांबालाच मिठी मारली. पंच केशवराव म्हणाले, "आनखी एक साल पाहू. पुन्हा असं झालं त तुमचा भोंगा मळ्यात पाखरं हाकलाले ठेवा."

म्हणून यंदाच्या रामनवमीला ही डबी. दांडगा आवाज माइकएवढा बारीक करायची.

"दोन तारा म्हंजे बैलजोडी," भाऊ भोंग्यातून सांगू लागला. "दोघायवर सारखं वझं पायजे. एकेका तारेत आवाज अडवनारा एकेक मोठा रेझिस्टन्स, आन दोघायच्या मंधात आडवा एक लायना. जोडी सारखी चालली की बाजूच्या इजेच्या तारेची घुरघुर आपोआप मरते."

मंदिरात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. त्यानं डबी जोडली. आवाज खरंच बेताचा झाला. पण कीर्तनकारांच्या आवाजामागे एखादी म्हैस घोरावी तशी घुरघुर. पंख्याची वायर आमच्या तारेला लागूनच गेली होती. केशवरावांनी खिशातून घड्याळ काढलं.

भाऊनं झाकण उघडलं आणि घाम पुसत पाहत बसला. मीही वाकले. त्याच्या हिशेबानं रेझिस्टन्स तीन हवे, आत चार दिसले.

"भाऊ, या बैलावर दोन वझे काहून?"

"तो... दुकानदारानं वर एक देला. मी त्याले दर खेपेला वांगं देतो ना! फेकून कसा देऊ? लावून टाकला."

"एकाच बैलाच्या मानेवर?"

त्यानं कपाळावर हात मारला, पकडीनं तो वरचा काढला, तार परत जोडली. म्हैस गप्प झाली. बाराला गुलाल उडाला, तेव्हा अंगणात कीर्तनाचा शब्द न् शब्द येत होता. मनकर्णाबाईनं मात्र एका हातानं खांब धरूनच पाळणा हलवला. मी मनात रामाला हात जोडले.

केशवरावांनी भाऊच्या हातावर सुंठवडा ठेवला, वर आणखी एक चिमूट. भाऊ माझ्याजवळ आला आणि मूठ उघडली. आत तो चौथा, रंगीत पट्ट्यांचा.

"मैना, हा तुयाच हातानं देवापुढं ठेव. दुकानदाराले वापस देला त त्याले वाईट वाटीन, आन मायापाशी राह्यला त मी कुठंतरी लावून टाकीन."