चहासाठी उघडी ठेवलेली स्क्रीन

कॉम्प्युटर कशासाठी असतो, असं आमच्या दौंडच्या ऑफिसात कुणाला विचारलं असतं तर पाचपैकी चार जणांनी 'चहासाठी' असं उत्तर दिलं असतं. पाचवे चाचा. तेही चहासाठीच म्हणाले असते, फक्त ते आधी हातातली रेघ पुरी करून मग बोलले असते.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी वरवंडची. डिप्लोमा करून शिरूरजवळच्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटर विभागात लागले होते. विभाग म्हणजे मी एकटीच. शिरूरला लोखंड ओतायचं काम चाले आणि त्यासाठी लागणाऱ्या साच्यांची ड्रॉइंगं दौंडच्या छोट्या ऑफिसात निघत. दोन्हीकडची सगळी यंत्रं मी लिनक्सवर नेली होती. ते फुकट मिळतं म्हणून साहेब खूश होते. मला ते मनापासून आवडायचं, पण नोकरीत असली कारणं सांगायची नसतात एवढं मला तेव्हाही कळत होतं.

लिनक्सची एक गंमत अशी, की प्रोग्रॅम एका यंत्रावर चालतो आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या स्क्रीनवर उघडता येते. अर्थात समोरच्या स्क्रीनची परवानगी लागते. ही परवानगी एकेका यंत्राला देता येते, किंवा एक छोटीशी आज्ञा टाइप करून सरसकट सगळ्या जगाला देऊन टाकता येते. मी पहिल्याच आठवड्यात दौंडच्या पाचही यंत्रांवर ती सरसकटवाली टाकली. ऑफिसातली सगळी आपलीच माणसं, तिथं कोण कुणाला अडवणार, असा माझा हिशेब होता. शिवाय मला सारखे फोन यायचे थांबले.

या सोयीचा पहिला आणि बराच काळ एकमेव उपयोग केला तो फोनवर बसणाऱ्या ताईंनी. त्यांच्या खिडकीतून फाटक दिसे. टपरीवाले मामा किटली घेऊन फाटकात आले की पूर्वी ताई उठून पाचही खोल्यांत सांगत फिरायच्या. मी त्यांना एक आज्ञा लिहून दिली. ती टाइप केली की पाचही स्क्रीनवर एक चौकोन उमटे आणि त्यात रोमन अक्षरांत लिहिलेलं असे, चहा आला. ताईंना कॉम्प्युटरचं बाकी काही शिकवायला गेलं की डोकं दुखायचं, पण ही आज्ञा त्यांनी अशी आत्मसात केली की पुढं पुढं त्या स्वतःच्या मनानं भर घालू लागल्या. चहा आला, आज आल्याचा. चहा आला, मामा घाईत हायेत.

मीही काही कमी नव्हते. स्क्रीनवर झुरळं सोडायचा एक प्रोग्रॅम तेव्हा मिळायचा. झुरळं खिडक्यांच्या खाली दडून बसत आणि खिडकी सरकवली की सैरावैरा पळत. ती मी शिरूरहून ताईंच्या स्क्रीनवर सोडली. ताईंनी मॉनिटर झटकला, मग टेबलाखाली फिनेल मारलं आणि मग मला फोन करून विचारलं, की कॉम्प्युटरात झुरळं शिरली तर कुणाला बोलवायचं. मी हसू दाबून सांगितलं, की बघते काहीतरी.

तर चाचा. वय अठ्ठावन्न, दौंडच्याच जुन्या मुसलमान कुटुंबातले. साच्याचं ड्रॉइंग त्यांच्यासारखं काढणारा माणूस आमच्याकडं दुसरा नव्हता. शाईच्या पेनानं ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढण्यात त्यांची उमर गेलेली, पण माउस हातात घ्यायला त्यांनी जराही कुरकुर केली नाही. त्यांचा एकच नेम होता. दुपारी एक वाजला की ते उठत आणि दोनच्या ठोक्याला परत जागेवर असत. त्यांच्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं होतं. ती अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कुणी नाही. तिला घास भरवायचा, कूस बदलून द्यायची, मग स्वतः दोन घास खायचे. घर पाच मिनिटांवर होतं. जेवणाची सुट्टी कागदावर वीसच मिनिटांची होती. दौंडच्या ऑफिसात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि शिरूरला माझ्याशिवाय कुणालाच नाही. एक ते दोन शिरूरहून फोन आला तर ताई सांगायच्या, की चाचा आत मोजमाप घेताहेत.

मग पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. पंपाचे भाग ओतून द्यायचे होते. गिऱ्हाइकाची अट होती की त्यांची ड्रॉइंगं शिरूरच्या एकाच मोठ्या यंत्रावर राहतील, तिथून हलणार नाहीत. शिरूरच्या साहेबांनी लगेच तोडगा काढला, की चाचांनी रोज शिरूरला यावं. दौंडहून पाटस, चौफुला, न्हावरे करत एसटीनं शिरूर गाठायचं म्हणजे जाऊन-येऊन चार तास. चाचांनी मला फोन केला. आवाज नेहमीचाच होता.

"मी राजीनामा लिहून ठिवलाय पोरी," ते म्हणाले. "तू सांगशील तवा सायबाला देतो."

मला संताप आला. साहेबांचा आला, गिऱ्हाइकाचा आला आणि इतक्या शांतपणे बोलतात म्हणून चाचांचाही आला. माझ्या नाकावर राग असतो हे घरचे सांगतातच. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, की ड्रॉइंग हलवायचं नाही ना, मग नका हलवू. प्रोग्रॅम इथं शिरूरातच चालेल, चाचांना दौंडला फक्त खिडकी दिसेल. साहेबांनी गिऱ्हाइकाला विचारलं. तिकडून उत्तर आलं, की वाटेत कुणी डोकावता कामा नये. आमचा माणूस येऊन तपासेल, त्याची खात्री पटली तरच.

शिरूर आणि दौंडच्या मधे भाड्याची एक बारीक लाइन होती. मी त्या लाइनमधून एसएसएचचं काम जमवलं. ते म्हणजे दोन यंत्रांच्या मधला एक बंद पाइप. आतून काय वाहतंय ते बाहेरच्याला नुसता गिचमिड काला दिसतो. खिडकी त्या पाइपातून यायची. लाइन इतकी हळू, की चाचांनी रेघ ओढली की ती पाण्यात भिजवलेल्या डाळीसारखी सावकाश फुगून यायची. मला ते बघूनच अवघडल्यासारखं झालं. चाचा म्हणाले, शाई वाळेस्तोवर थांबायची सवय हाय मला, हे तर लवकर वाळतंय.

पाइपाबरोबर मी चाचांची स्क्रीनही बंद करून टाकली. सरसकट परवानगी काढली. दोन दिवस सगळं छान चाललं आणि तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. चाचा मागच्या खोलीत बसतात, त्यांच्या स्क्रीनवर चहाचा चौकोन उमटत नाही, रोज त्यांचा चहा गार होतो. "तू कुलपं लावलीस आन् म्हातारा चहावाचून राहिला," असं त्या मला म्हणाल्या. त्या दिवशी माझ्यापुढं कामाचा ढीग होता. मी शिरूरहूनच चाचांच्या यंत्रात शिरले आणि सुरू होताना जी फाइल वाचली जाते तिच्यात ती सरसकटवाली ओळ लिहून टाकली. एकट्या ताईंच्या यंत्राचं नाव लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण त्याला दोन मिनिटं जास्त लागली असती, आणि मला तेवढाही धीर नव्हता.

तपासणीच्या दिवशी साहेब आणि मी कारखान्याच्या जीपनं दौंडला गेलो. गिऱ्हाइकाचा माणूस आधीच पोचला होता. सडपातळ, तोंडावरची माशी न हलणारा, बरोबर स्वतःचा लॅपटॉप आणि छापील फॉर्म. चाचांनी धुवट पांढरा शर्ट घातला होता. त्या माणसानं आमच्या ऑफिसच्या वायरिंगमध्ये आपली वायर खोचली आणि चाचांना पंपाचं ड्रॉइंग उघडायला सांगितलं. मग बराच वेळ तो लाइनवरून काय जातंय ते बघत बसला. नुसता काला. त्यानं फॉर्मवर खूण केली. मी साहेबांकडं असं बघितलं, की जणू हा पाइप मी स्वतःच्या हातानं ओतला होता.

साडेअकराला मामा किटली घेऊन आले, ताईंनी वर्दी दिली, आणि त्या माणसानं चाचांच्या स्क्रीनवर अचानक उमटलेला चौकोन पाहिला. लॅपटॉपवर त्यानं एकच ओळ टाइप केली आणि लॅपटॉप आमच्याकडं वळवला. त्यावर चाचांची अख्खी स्क्रीन होती. पंपाचं ड्रॉइंग, सगळ्या मापांसकट, आणि कोपऱ्यात चहा आला.

पाइपाला कुठंही भोक नव्हतं. पाइप जिथं संपतो तिथला दरवाजा मात्र मी सताड उघडा ठेवला होता.

ती ओळ कधी आणि का लिहिली ते मला लख्ख आठवलं. चहा घेऊन आत आलेल्या ताई मात्र आपलं अक्षर परक्या लॅपटॉपवर पोचलं म्हणून कौतुकानं बघत होत्या. साहेबांनी घसा खाकरला आणि त्या माणसाला सांगायला लागले, की वयस्कर माणूस आहे, नवीन तंत्र आहे, चुकून काहीतरी दाबलं असेल. चाचा मान खाली घालून ऐकून घेत होते. त्यांना वाटलं असावं, की खरंच आपल्याच हातून काहीतरी झालं.

"त्यांनी काही दाबलं नाही," मी म्हणाले. "ती ओळ मी लिहिली. चहासाठी."

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी मास्तरांसमोर उभी राहिले होते तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती. त्यानं फक्त विचारलं, की दुरुस्त करायला किती वेळ लागेल. मी म्हणाले, अर्धा तास. खरं तर पाच मिनिटांचं काम होतं, पण आता प्रत्येक ओळ मला तीनतीनदा तपासायची होती. ओळ काढली. मग स्क्रीननं नेटवर्कवरच्या कुणाचं ऐकायचंच नाही, फक्त पाइपातून आलेलंच दाखवायचं, अशी व्यवस्था केली. हेच मला पहिल्या आठवड्यात करता आलं असतं. ताईंना सांगितलं, की उद्यापासून चाचांना चहाचं उठून सांगावं लागेल. त्यांनी तोंड वाकडं केलं.

एकला दहा कमी असताना त्यानं पुन्हा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, मग वेगळ्याच कुठल्यातरी युक्तीनं. दरवेळी नकार. त्यानं खूण केली आणि फॉर्मचं पान उलटलं. पुढं प्रश्नांची भलीमोठी यादी होती, सगळी यंत्र वापरणाऱ्यासाठी, म्हणजे चाचांसाठी.

एक वाजला. चाचांनी ड्रॉइंग जतन केलं, खिडकी बंद केली, यंत्र बंद केलं आणि उठले. साहेब दबल्या आवाजात म्हणाले, बसा की हो, पाच मिनिटं. मी ताईंकडं बघितलं, ताईंनी माझ्याकडं. मोजमापाची सबब आता चालणार नव्हती. काहीतरी थाप ठोकावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या माणसानंच विचारलं, की हे निघाले कुठं.

"घरी," चाचा म्हणाले. "बायको पडून असती. तिला हातानं भरवावं लागतं. रोज एकला जातो मी साहेब, सात वर्सं झाली. दोनला येतो."

साहेब लाल झाले होते. चाचांची नोकरी तर आता गेलीच, असं मला वाटलं आणि रडू यायला लागलं, ते मी खोकून घालवलं. त्या माणसानं बंद झालेली स्क्रीन बघितली.

"जाताना रोज असं सगळं बंद करून जाता?"

"रोज," चाचा म्हणाले. "उघडं टाकून कोन जातं?"

आणि ते गेलेसुद्धा. त्या माणसानं फॉर्मवर खाली हातानं काहीतरी लिहिलं, साहेबांसमोर सरकवलं आणि सांगितलं, की एवढी अट मान्य असेल तर सही करा. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. सही केली. तो माणूस वायर गुंडाळून निघून गेला.

दोनला चाचा आले. शर्टाच्या बाहीला वरणाचा डाग होता. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी फॉर्मची प्रत काढली. इंग्रजीत होती, म्हणून मराठीत वाचून दाखवली. सुरक्षेच्या कारणास्तव हे यंत्र रोज दुपारी एक ते दोन बंद राहील. त्या वेळात वापरणारा जागेवर नसेल, त्याला काम सांगितलं जाणार नाही, आणि त्याच्या जागी दुसरं कुणीही बसणार नाही.

चाचांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग खुर्ची ओढून बसले, हात यंत्राच्या बटणावर ठेवला, पण दाबलं नाही.

"म्हंजी," ते म्हणाले, "आता चोरून जायला नको."