वहिनी न्हाय आल्या?

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. भावाचा, वर्गमित्राचा, शेजाऱ्याचा हेवा वाटला तर माणूस चारचौघांत हसत सांगून टाकतो. बायकोचा वाटला तर कुणाला सांगायचा? मनातलं सांगावं असं माणूस माझ्याकडं एकच आहे, आणि तीच बायको आहे.

धाराशिवात माझं सोलर वॉटर हीटरचं दुकान आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग गावाकडं परतलो. काम मला येतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड, हीटरच्या काचेच्या ट्यूबमध्ये क्षार साचतो आणि वर्ष-दोन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. ते होऊ नये म्हणून काय करायचं, टाकी छतावर कुठं आणि किती उंच बसवायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. अडचण अशी की मी न विचारताही सांगतो.

बायकोचं माहेर तेर. बारावी झाली आणि लग्न झालं. ती घरी ब्लाऊज शिवते. माझ्या धंद्याशी तिचा संबंध दुपारच्या डब्यापुरता होता, बेंबळीच्या त्या दिवसापर्यंत.

बेंबळीला एका नात्यातल्या साखरपुड्याला आम्ही दोघं निघालो होतो. त्याच गावातून एका नव्या बंगल्याची चौकशी आली होती, म्हणून आधी तिथं थांबलो. मुलगा नोकरीवर गेलेला, घरात आजोबा, त्यांची बायको आणि सून. मी पिशवीतून ट्यूबचा नमुना काढला आणि सुरू झालो. दोन काचांच्या मधे पोकळी का ठेवतात, उन्हाची उष्णता आत शिरते पण बाहेर का पडत नाही. आजोबांनी आधी मान हलवली, मग जांभई दिली, मग स्वतःच्या पायाचा अंगठा बघत बसले. माझी बायको आत चहा प्यायला गेली होती. ती कप घेऊनच बाहेर आली आणि त्या सासूबाईंना म्हणाली, "मावशी, मागं बंब दिसला. त्याची राख कोन काढतंय?"

सासूनं सुनेकडं बघितलं, सुनेनं जमिनीकडं.

"आतापतूर म्याच काढली बाई. आता हिच्या गळ्यात."

"आन लाकडं?"

"ते ह्यांना इचार." सासूनं आजोबांकडं हात केला. "आनतो आनतो म्हनत्यात. पावसाळ्यात आमी वल्ली लाकडं फुकत बसतो, डोळ्याचं पार पानी. आन पयली बादली मात्र ह्यांनाच पायजे!"

सगळे हसले, आजोबाही हसले. मग माझ्याकडं न बघता त्यांनी तिला विचारलं, "पोरी, तू सांग. घ्यावं का न्हाय?"

"घ्या की. पन पयला नंबर सुनंचा लावा."

ऑर्डर झाली. साखरपुड्याच्या पंगतीत मला घास गोड लागेना. तास-अर्धा तास घसा मी कोरडा केला होता आणि काम राखेनं झालं होतं.

तरी मीच तिला म्हणालो, सोबत येत जा. ती यायला लागली. धंदा वाढला, तसं माझ्या पोटात दुखायला लागलं. लोक तिचा नंबर घेऊ लागले. दुकानात फोन आला की समोरून आवाज यायचा, "वहिनी हायत का?" मी म्हणायचो, "मी इंजिनिअर बोलतोय." मग ते म्हणायचे, "बरं बरं, मग करतो." आमच्या शेजारी पाईप-फिटिंगचं दुकान आहे. तो मालक माझा जुना दोस्त. मी एकटा दिसलो की हाक मारायचा, "काय साहेब, मालकीनबाई आज सुट्टीवर का? मग आज कंपनी बंदच म्हना!" मी हसायचो. घरी आल्यावर भाजीत मीठ जास्त झालंय असं म्हणायचो. ते झालेलं नसायचं.

एकदा मी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"कुनी कशाला शिकवंल?" ती म्हणाली. "ब्लाऊजला बाई येती, ती गळा किती खोल पायजे ते सांगत न्हाय. कुनाच्या लग्नाला जायचंय ते सांगती. त्यावरनं गळा कळतो."

मी ठरवलं, आपणही शिकायचं. मोबाईलवर संवादकौशल्याचे व्हिडिओ बघितले. लातूरला एका कार्यशाळेला जाऊन प्रमाणपत्र घेऊन आलो. ग्राहकाच्या डोळ्यांत बघा, असं तिथं सांगितलं होतं. परतल्यावर पहिल्याच शेतकऱ्याच्या डोळ्यांत मी इतका बघत राहिलो की तो म्हणाला, "काय झालं साहेब? काय गेलं का माझ्या डोळ्यात?" बायकोला हसू आवरेना. तिचं हसणं मला फार लागलं.

अशातच तुळजापूरहून फोन आला. मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं एक मोठं लॉज. एवढं मोठं काम आम्ही आजवर केलं नव्हतं. मालक म्हणाले, "दोघंबी या. आमच्या आईला वहिनींशी बोलायचंय, बेंबळीच्या पाव्हण्यांनी लई सांगितलंय त्यांचं." मी बरं म्हणालो आणि बायकोला सांगितलं, "उद्या तुळजापूरला नुसतं छताचं मोजमाप घ्यायचंय. तू कशाला उन्हात येतेस?" तिनं माझ्या हातातल्या लॅपटॉपच्या बॅगेकडं बघितलं आणि परत शिवणयंत्रावर बसली. हे एक काम माझ्या एकट्याच्या बळावर व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. मोटारसायकलवरून जाताना देवीलाही तेच मागितलं. बायकोला घरी ठेवून देवीच्या गावात काय मागतोय, याची लाज तेव्हा वाटली नाही. ती आता वाटते.

मालक माझ्याच वयाचे, कपाळाला मळवट. काउंटरच्या मागून उठून त्यांनी आधी माझ्या पाठीमागं बघितलं.

"वहिनी न्हाय आल्या?"

"त्यांना जरा काम होतं."

लॅपटॉप उघडून मी बोलायला लागलो. तयारी चांगली होती. खोल्या किती, खोलीत खाटा किती, त्यावरून टाकी किती लिटरची, हे सगळं चित्रांसह होतं. मधे दोनदा मालक काहीतरी बोलायला गेले. "त्यावर येतोच," असं म्हणून मी पुढं गेलो. संपलं तेव्हा मला समाधान वाटत होतं. मालक म्हणाले, "छान. बघतो, कळवतो." आमच्याकडं कळवतो म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलीकडचं स्थळ नाकारतानाही असंच म्हणतात.

मोजमाप तरी घेऊ म्हणून मी छतावर गेलो. टेप हातात धरून उभा होतो, तेवढ्यात तिचा फोन आला.

"जेवायला थांबू का तुमच्यासाठी?"

"नको."

"बरं. काय म्हनले ते?"

मी तोंड उघडलं. मी काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. ते काय म्हणाले? मधे दोनदा ते काय सांगणार होते? फोनवर ती पलीकडं वाट बघतेय. मला राग आला, आणि तो तिचाच आला. तेरच्या या बाईनं घरात बसून, पोळ्या लाटता लाटता, एवढासा प्रश्न विचारावा आणि मी छतावर उघडा पडावं! "मग बोलतो," म्हणून मी फोन ठेवला. थोडा वेळ टाकीच्या सावलीत बसलो. मग खाली गेलो.

"मघाशी तुम्ही काहीतरी सांगत होता," मी मालकांना म्हणालो. माझा आवाज परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"जाऊ द्या हो."

"नाही, सांगा. माझं चुकलं. तुम्हाला काय पाहिजे ते मी विचारलंच नाही."

 मग त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "साहेब, तुमी खाटा मोजल्या. आमी खोल्या कमी आन बादल्या जास्त इकतो. मंगळवार, शुक्रवार, पुनव, पहाटंपासनं जीपा येत्यात. सोलापूरकडनं, कर्नाटकातनं. खोली कुनाला पायजे? आंघोळ करायची, दर्शनाला जायचं, परत गाडीत. मागच्या पुनवंला गरम पानी संपलं. एक म्हातारी निम्म्या आंघोळीत, डोक्याला साबन तसाच. ती कानडीत काय बोलली ते कळलं न्हाय, पन देवीच्या दारात बोलली. माझ्या आईनं त्याची लई धास्ती घेतलीय. रोज इचारती, पुन्ना असं होनार न्हाय ना?"

तुळजापुरात मी लहानपणापासून येतोय. त्याच न्हाणीघरांत मी स्वतः बादल्यांनी आंघोळी केल्या आहेत. आणि मी खाटा मोजत बसलो होतो! माझ्या टाकीत पहिल्या दोन जीपासुद्धा निभल्या नसत्या.

त्यानंतर मी बोललो ते मात्र माझं होतं. न्हाणीघरांसाठी वेगळ्या दोन टाक्या. पहिली संपली की काउंटरवर लाल दिवा लागेल. दिवा लागला की नव्या माणसाला बादली द्यायची नाही. आत जे आंघोळीला बसलेत, त्यांची आंघोळ दुसऱ्या टाकीवर पुरी होईल. अर्ध्यावर कुणी उठणार नाही.

"हां," मालक म्हणाले. "हे असं बोला की!" आणि लगेच पुढं, "पन वहिनींना आना एकदा. आई त्यांच्या तोंडनं ऐकल्याबिगर हो म्हनायची न्हाय."

घरी आलो तर ती ताट वाढून बसलेली.

"मोजमापाला लॅपटॉप लागतो व्हय?" तिनं विचारलं. "त्यांच्या आईचा फोन आलता. म्हनल्या, तू का न्हाय आलीस गं?"

मी हातही धुतले नव्हते. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर तीच बोलली. "मला ठावं हाय. मोठं लॉज. तिथं माझं असलं बोलनं. तुमाला लाज वाटली असंल."

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या जळण्याचा तिच्या बाजूनं असा अर्थ होत असेल, तिनं तो आत्तापर्यंत कितीदा गिळला असेल, काहीच कळलं नव्हतं.

"लाज नाही गं," मी म्हणालो. "हेवा वाटतो तुझा."

ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. "कशाचा?"

"लोक तुझ्याशी बोलतात, त्याचा."

तिनं ताट माझ्याकडं सरकवलं. "मी काय करते त्यात? इचारते. तुमी मला तरी कधी इचारलं? ये म्हनला, आले. नगं म्हनला, थांबले."

"मग विचारतो. येशील का तुळजापूरला?"

"बघते," ती म्हणाली. "कळवते."

आली. मालकांची आई काउंटरच्या मागच्या खोलीत बसली होती. बायकोनं पाया पडून तिचा हात हातात घेतला आणि ती कानडी म्हातारी कशी होती, काय नेसली होती, पुढं दर्शनाला गेली का, असलं विचारत बसली. टाकीचं नाव नाही. आईनं सगळं सांगितलं, रडून घेतलं, डोळे पुसले. मग म्हणाली, "आता दिव्याचं सांग बाई. ते तुझ्या डोक्यातनं आलं का?"

"न्हाय, ते ह्यांचं," बायको म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

मालक कौतुकानं म्हणाले, "व्हय, साहेब त्या दिवशी छतावरनं खाली आले ते येगळाच मानूस होऊन आले. सोताहून इचारलं, तुमाला काय पायजे."

सगळे माझ्याकडं बघत होते. ज्याच्यासाठी मी खोटं बोलून घरातून निघालो होतो, ते अगदी हातात आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तिच्या त्या फोननं काय झालं, ते बायकोला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नसतं तर कधी कळलंही नसतं.

"स्वतःहून नाही," मी म्हणालो. "छतावर असताना हिचा फोन आला. तुम्ही काय म्हणालात, असं हिनं विचारलं. मला सांगता येईना, म्हणून खाली आलो."

बायको माझ्याकडं बघत राहिली. मालकांची आई मात्र पदर तोंडाला लावून मनापासून हसली. "आमाला वाटलंच!"

मग सगळेच हसले, चहा आला, काम कधी सुरू करायचं ते ठरलं. मीही हसलो. पण त्या 'आमाला वाटलंच'नं पोटात जे दुखायला लागलं, ते चहा संपेपर्यंत दुखतच होतं.